वॉकीटॉकी शेतात, मांडवात आणि डोंगरात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पलूसला आमचा मांडव, लाइट आणि जनरेटरचा धंदा आहे, कृष्णाकाठी थोडा ऊस आणि हळद आहे, आणि हिवाळ्यात दहा-बारा जणांची टोळी घेऊन साताऱ्याच्या डोंगरात हिंडायची सवय आहे. तिन्ही ठिकाणी कमरेला वॉकी असतो. त्यामुळं लग्नात नवरदेवाचे मामा, शेतात शेजारी आणि गडावर अनोळखी माणसं तेच तेच प्रश्न विचारतात. एकदा लिहून ठेवलेलं बरं.

मोबाइल असताना हे खेळणं कशाला?

आम्हीही असंच म्हणायचो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गावाच्या दोन टोकांना आम्ही दोघे भाऊ होतो, मधी पाणी. लाइट गेलेली, टॉवर बंद पडलेला. तो माळावरच्या शाळेत आईला घेऊन, मी जनावरांपाशी. एकमेकांना दिसत होतो, पण बोलता येत नव्हतं. टॉवेल हलवून दिवस काढले. त्या दिवाळीत चार सेट घेतले. जुलै २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा ते चार सेट चार घरांत होते.

पुराचं सोडा, रोजच्या कामातही फरक आहे. फोनवर एकाशी बोलता येतं, वॉकीवर एक बोलला की दहा जण ऐकतात. "वरात चौकात आली" हे जनरेटरवाल्याला, स्टेजवाल्याला, वाढप्यांना आणि पार्किंगच्या पोरांना एकदम कळतं. नंबर शोधायचा नाही, रिंग वाजायची नाही, "बिझी येतोय" हे कारण नाही. विसर्जन मिरवणुकीच्या गर्दीत फोन लागता लागत नाही, तेव्हाही हा चालतो, कारण त्याला टॉवर लागतच नाही.

लायसन लागतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त चुकीची उत्तरंही ह्याचीच.

केंद्र सरकारच्या २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा फ्रिक्वेन्सीचा पट्टा कमी ताकदीच्या हातातल्या सेटसाठी परवान्यातून मोकळा केला. ताकद अर्ध्या वॅटपर्यंत. ह्या पट्ट्यातला, ह्या ताकदीचा सेट घेतलात तर वापरायला लायसन नको. पण सेटच्या मॉडेलला दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मंजुरी लागते, तिला ईटीए म्हणतात. विकत घेताना बॉक्सवर किंवा बिलावर ईटीए नंबर बघा. दुकानदार "तसलं काही नसतं हो" म्हणाला तर पिशवी उचला आणि बाहेर पडा.

आता खरी गोम. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे बरेच सेट १३६ ते १७४ आणि ४०० ते ५२० मेगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांत पाच-पाच वॅट फेकणारे असतात. पेटीवर मोठ्या अक्षरात 'लायसन फ्री' छापलेलं असतं. छापल्यानं काही होत नाही. त्या पट्ट्यांत पोलीस, इतर सरकारी खाती आणि परवाना घेतलेल्या कंपन्या बोलतात. तुमचा एक चुकीचा चॅनल त्यांच्या कामात घुसतो. ह्या बेकायदा विक्रीला आळा घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२५ मध्ये ऑनलाइन बाजारांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यामुळं "सगळेच वापरतात" हे उत्तर आता चालत नाही.

जास्त ताकदीचा सेट खरंच पाहिजे असेल, म्हणजे मोठा कारखाना, मोठी सिक्युरिटी एजन्सी, तर रीतसर परवाना काढून स्वतःची फ्रिक्वेन्सी घ्यायची. मांडववाल्याला आणि शेतकऱ्याला त्याची गरज नाही. अर्धा वॅट बास होतो. कसा, ते पुढच्या प्रश्नात.

किती लांब जातो? पेटीवर दहा किलोमीटर लिहिलंय.

पेटीवर लिहिणाऱ्याकडं ऊस नव्हता.

हे रेडिओचे तरंग नजरेसारखे सरळ जातात. सपाट मैदानात उभ्या माणसाच्या हातातला सेट जमिनीपासून दीडेक मीटरवर असतो. पृथ्वी गोल असल्यामुळं तिथून क्षितिज साडेचार किलोमीटरच्या जरा आत. दोन्हीकडं माणूस उभा धरला तर पावणेनऊ किलोमीटर. पेटीवरचे दहा असेच कुठून तरी येतात. मधे झाड नाही, घर नाही, बांध नाही, असं रान पलूस तालुक्यात मला दाखवा.

आमचा अनुभव असा. ऊस गुडघ्याएवढा असताना नदीपासून मळ्यापर्यंत, म्हणजे सव्वा किलोमीटर, स्वच्छ ऐकू येतं. तोच ऊस दिवाळीत डोक्याच्या वर दोन हात गेला की आवाज चिरका होतो, आणि पाऊस पडून पाला ओला असला की मधले शब्द गायब. ओला पाला हे तरंग पितो. जानेवारीत तोड झाली की दुसऱ्या दिवशी पुन्हा खणखणीत. सेट तोच, बॅटरी तीच. धाकट्याला पहिल्या वर्षी वाटलं सेट बिघडला, पलूसला दुरुस्तीला घेऊन गेला होता.

द्राक्षबागेत वेगळं. तिथं मांडवाच्या तारा असतात, लोखंडी अँगल असतात. एका ओळीत उभं राहून बोललं तर जातं, आडवं बोललं तर अडतं. दोन पावलं सरकलं की फरक पडतो.

साताऱ्यात उलट. अजिंक्यताऱ्यावरून समोर यवतेश्वरचा डोंगर दिसतो. तिथं उभ्या माणसाशी आम्ही शेजारी बसल्यासारखं बोललो आहोत. आणि त्याच दिवशी गडाच्या मागच्या अंगाला उतरलेला आमचाच माणूस पाचशे मीटरवर असून लागेना, कारण मधे कातळ. उंची मिळाली की चित्र पालटतं: १०० मीटर उंचीच्या टेकडीवरून क्षितिज ३५ किलोमीटरच्या पुढं जातं. म्हणून आवाज येत नसेल तर चॅनल बदलत बसू नका, चार पावलं चढून बघा.

"मग पाच वॅटचा घेतला तर दहापट लांब जाईल ना?" नाही. दहापट ताकदीनं अगदी मोकळ्या हवेत पल्ला जेमतेम तिप्पट होतो, आणि डोंगर मधे आला तर पाच वॅटही तिथंच डोकं आपटतो.

बटण दाबून बोलायचं, त्यात शिकण्यासारखं काय?

इथं जरा थांबतो, कारण आमचं जे काही नुकसान झालंय ते सगळं ह्याच प्रश्नावर झालंय.

बटण दाबलं की सेट ऐकण्यातून बोलण्यात जातो. त्याला थोडा वेळ लागतो, समोरच्या सेटलाही जागं व्हायला थोडा लागतो. मिळून साधारण अर्धा सेकंद. माणूस मात्र बटण आणि तोंड एकदमच उघडतो. पहिला शब्द गेला. आणि बोलून संपायच्या आत अंगठा सैल पडतो, कारण मनात वाक्य आधीच संपलेलं असतं. शेवटचा शब्द गेला.

आता मराठीत शेवटचा शब्द कोणता असतो? 'नका'.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्रीची लाइट होती. नदीवर स्टार्टरपाशी तात्या, म्हणजे आमचे चुलते, मळ्यात मी आणि धाकटा. पाइपलाइनचा एक जोड गळत होता, तो धाकट्यानं उघडलेला, खड्ड्यात गुडघे टेकून बसलेला. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "तात्या, मोटर चालू करू नका." अंगठा 'करू'वर उठला. तात्यांना ऐकू आलं, "मोटर चालू करू". त्यांना वाटलं मी विचारतोय. म्हणाले, "करतो की." सेट स्टार्टरच्या पेटीवर ठेवला आणि हिरवं बटण दाबलं. मोटरच्या आवाजात पेटीवरचा सेट बोंबलत होता, ऐकणार कोण? मी बांधावरून पळत निघालो. सव्वा किलोमीटर पळून होईपर्यंत पाण्याला कशाला थांबायचंय! धाकटा वेळेत बाजूला झाला. खड्डा भरला, हळदीच्या दोन सऱ्या वाहून गेल्या, पान्हा चिखलात गेला तो अजून सापडला नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात वॉकीवर 'नका' हा शब्द बंद आहे. नको असेल तर "थांबा". पाहिजे असेल तर "चालू". संपलं तर "बंद". एकेक शब्द, आणि तो दोनदा. "थांबा, तात्या, थांबा." समोरच्यानं तोच शब्द परत म्हणायचा: "थांबलो." परत आला नाही तर पोचला नाही असं धरायचं.

बाकीच्या सवयी थोडक्यात. बटण दाबा, मनात 'एक' म्हणा, मग बोला. बोलून झाल्यावर पुन्हा मनात 'एक', मग सोडा. तोंड माइकपासून चार बोटं लांब, जरा तिरकं, म्हणजे श्वासाची फुसफुस जात नाही. ओरडू नका, ओरडल्यानं आवाज फाटतो, लांब जात नाही. आधी समोरच्याचं नाव, मग स्वतःचं: "जनरेटर, जनरेटर, स्टेज बोलतोय." नाव दोनदा घेतलं की पहिलं कापलं गेलं तरी दुसरं पोचतं. जुनी माणसं सेट फोनसारखा कानाला लावून बोलतात, मग माइक गालावर येतो. त्यांना हसू नका, एकदा हातात धरून दाखवा.

आकडे आणि गाडीचे नंबर नीट कळत नाहीत. काय करायचं?

मराठी आकडे रेडिओसाठी केलेले नाहीत. त्रेपन्न आणि त्रेसष्ट, सत्तावीस आणि सत्तावन्न, एकोणपन्नास आणि एकोणसाठ. सात, आठ, साठ तर सख्खे भाऊ. घरघरीत ह्यातलं काय कोणतं ते ब्रह्मदेवाला कळायचं नाही. म्हणून आकडा फोडून सांगायचा: "खुर्च्या दोन-सात-शून्य." दोनशे सत्तर म्हणालात की दोनशे साठ येणार.

वेळेची तर आणखी मजा. "पावणेपाचला गाडी" ह्यातलं 'पावणे' सुरुवातीला असतं, म्हणजे नेमकं कापलं जायच्या जागी. समोर पोचतं "पाचला गाडी". 'सव्वा'चंही तेच, 'साडे'चंही तेच. एका लग्नात अक्षतांची वेळ साडेबारा होती आणि बॅन्डवाल्यांना कळली बारा. बिचारे अर्धा तास आधीच घामाघूम. वेळ अशी सांगा: "बारा, तीस."

गाडीच्या नंबरात दहा म्हणजे सांगली, अकरा म्हणजे सातारा, पन्नास म्हणजे कराड, हे पार्किंगच्या पोरांना पाठ असतं. भानगड अक्षरांची. बी, सी, डी, ई, जी, पी, टी सगळे एकाच सुरात. आमची पोरं "बी बॉम्बेचा, डी दिल्लीचा, पी पुण्याचा" असं म्हणतात. मराठी अक्षर असेल तर बालवाडीचा तक्ता आहेच: कमळाचा क, बदकाचा ब, मगरीचा म. पोलिसांसारखं 'अल्फा, ब्राव्हो' पाठ करायचं असेल तर जरूर करा, पण समोरच्यालाही ते पाठ पाहिजे. आमच्या तात्यांना कमळच बरं.

सेटवर 'प्रायव्हेट कोड' आहे. आमचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नाही ना?

जाणार. तो कोड म्हणजे तुमच्या आवाजाखाली मिसळलेला एक बारीक सूर असतो, ६७ हर्ट्झपासून अडीचशे हर्ट्झच्या आसपास. कानाला तो कळत नाही, कारण स्पीकरपर्यंत जायच्या आधीच सेट तो गाळून टाकतो. तुमच्या सेटला सांगितलेलं असतं की हा सूर असेल तरच स्पीकर उघड. म्हणजे कोडमुळं दुसऱ्यांची बडबड तुम्हाला ऐकू येत नाही. तुमची बडबड त्यांना ऐकू येते, कोड बंद ठेवला की झालं. कुलूप त्यांच्या दाराला नाही, तुमच्या कानाला आहे.

तासगाव रोडला एकदा आमच्या शेजारच्या कार्यालयातल्या केटररचे लोक आमच्याच चॅनलवर होते. "जिलेबी संपत आली, पुढच्या पंगतीला एकेकच वाढा," हे आमच्या सगळ्या टीमनं ऐकलं. आम्ही गप्प बसलो, पण आमच्यातला एकजण त्या लग्नाचा पाहुणा निघाला. तो आधीच जाऊन पंगतीत बसला.

तेव्हा पैशाचा आकडा, कुलपाची जागा, घरात कोण एकटं आहे, असलं काही वॉकीवर बोलू नका. आणि दुसरा कुणी त्याच चॅनलवर आला तर भांडू नका. हा पट्टा सगळ्यांचा आहे, दुसरा चॅनल लावा. सोळा आहेत.

दुसऱ्या कंपनीचा सेट आमच्या सेटशी बोलेल का?

साधा, म्हणजे ॲनालॉग असेल तर बोलेल. फ्रिक्वेन्सी तीच आणि कोड तोच पाहिजे, एवढंच. चॅनल नंबर सारखा असला म्हणून फ्रिक्वेन्सी सारखी असेल असं धरू नका. माहितीपुस्तिकेत तक्ता असतो तो जुळवा. सुरुवातीला दोन्हीकडचा कोड बंद करून बघा. डिजिटल सेट असेल तर त्याच पद्धतीचाच डिजिटल लागतो.

मांडवात, यात्रेत कुणाकुणाला द्यायचा?

कमी लोकांना. आम्ही पहिल्या वर्षी हौसेनं आठ सेट वाटले आणि दिवसभर आठही जण एकदम बोलत होते. दोघांनी एकाच वेळी बटण दाबलं की तिसऱ्याला नुसतं खरखर ऐकू येतं. आता चार: जनरेटर, स्टेज, स्वयंपाक, फाटक. घरच्या यजमानाला कधीच द्यायचा नाही, मागितला तरी नाही. लग्नघरच्या माणसाच्या हातात वॉकी आला की दहाव्या मिनिटाला त्यावर "आक्काला हाक मार" सुरू होतं.

ढोल, बॅन्ड, फटाके असतील तर कानातली वायर लावा आणि माइक हनुवटीखाली, शर्टाच्या बटणपट्टीला. सेटमध्ये 'व्हॉक्स' नावाची सोय असते, आवाज झाला की आपोआप बोलणं सुरू. ती बंद ठेवा. ढोलवाला तुमच्यासारखाच आवाज करतो, सेटला फरक कळत नाही. गणपतीत आमचा एक सेट व्हॉक्सवर राहिला आणि सगळा चॅनल तासभर ढोलताशानं भरून गेला.

त्याच्याहून वाईट म्हणजे दाबलेलं राहिलेलं बटण. मोटरसायकलच्या सीटखाली, मागच्या खिशात, पिशवीत चेपलेलं. आमचा फाटकावरचा पोरगा ट्रॅक्टरच्या सीटवर सेट ठेवून त्यावरच बसला आणि फोनवर होणाऱ्या सासऱ्यांशी बोलला. "होय मामा, पगार चांगला आहे मामा." पगार मी देतो, मला खरा आकडा माहीत होता. सगळ्यांनी ऐकलं, आणि तेवढा वेळ कुणालाच काही बोलता आलं नाही. सेटमध्ये टाइम-आउट असतो, ठरावीक सेकंदांनी बोलणं आपोआप तोडतो. तो साठ सेकंदांवर लावून ठेवा.

पालखीत सेवा करणाऱ्यांनीही हे विचारलं आहे. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यातून जाते, चांदोबाचा लिंब इथं उभं रिंगण होतं. तिथल्या गर्दीत अर्ध्या वॅटचा सेट माणसांच्या अंगांतूनच अडतो. पाण्याच्या टँकरवाल्याला टँकरवर चढून बोलायला सांगा. एवढ्यानं काम होतं.

ट्रेकला कसा वापरायचा?

दोन सेट असतील तर एक सगळ्यात पुढच्याकडं, एक सगळ्यात मागच्याकडं. मधल्यांना नको. मागचा सेट सगळ्यात धडधाकट माणसाला द्या, दमलेल्याला नाही. दमलेला माणूस बोलतच नाही, नुसता बसतो.

वासोट्याचं उदाहरण घेतो. बामणोलीला वन खात्याची परवानगी, मग शिवसागर जलाशयातून लाँच, मग जंगलातून चढ. संध्याकाळच्या आत परत लाँचवर यावंच लागतं, मुक्काम करता येत नाही. तिथं मोबाइलच्या भरवशावर राहू नये. एका वर्षी आमचे दोघे माथ्यावर फोटो काढत मागं राहिले आणि बाकीचे उतरले. पुढच्याला वाटलं ते मागून येतायत, मागच्यांना वाटलं खाली थांबलेत. वॉकी होता, पण पिशवीत तळाला, बंद. तेव्हापासून नियम: सेट खांद्याच्या पट्ट्याला, अँटेना वर, चालू. बॅटरी वाचवायची असेल तर दर तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत दोघांनीही चालू ठेवायचा, काही नसलं तरी "सगळे ठीक" एवढं बोलायचं. ठरवलेल्या वेळेला आवाज आला नाही की पुढचे थांबतात, आणि थांबून वाट बघणं हेच डोंगरातलं निम्मं काम आहे.

सेट खिशात ठेवला, किंवा कमरेला पाठीमागं लटकवला की अंगच तरंग अडवतं. बोलताना छातीसमोर, अँटेना उभी. अँटेना मुठीत धरायची नाही. ४४६ मेगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी ६७ सेंटीमीटर, त्याचा चौथा भाग सतरा. सेटची आखूड अँटेना त्यातच गुंडाळून बसवलेली असते. ती ओढून, लांब तार जोडून पल्ला वाढवायच्या नादी लागू नका. ह्या परवानामुक्त सेटला अँटेना बदलायची मुभाच नाही.

कासला धुकं आलं की पाच फुटांवरचं दिसत नाही. वॉकीला मात्र धुक्याचं काही वाटत नाही, आवाज तसाच येतो. अभयारण्यात आवाज बारीक ठेवा, कानातली वायर वापरा. शेकरू बघायला जाऊन "हॅलो हॅलो ऐकतोयस का" करणाऱ्यांना शेकरू दिसत नाही, आणि आम्हालाही दिसू देत नाहीत.

कुणाला लागलं, पाय मोडला तर वॉकीवरून मदत मिळते का?

तुमच्याच टोळीतल्या माणसापर्यंत निरोप जातो, बाहेर नाही. ११२ वॉकीवरून लागत नाही, पोलिसांच्या वायरलेसवर तुम्ही जाऊ शकत नाही आणि जायचंही नाही. त्यामुळं एक माणूस असा ठेवा जो मोबाइलची रेंज असलेल्या ठिकाणी थांबेल, आणि वॉकीनं त्याच्याशी बोला. तो फोन करेल.

पुरातही हेच. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ ला धोका, हे नदीकाठच्या लहान पोरालाही पाठ असतं. ४० च्या आधीच सेट चार्ज करून घराघरांत वाटून ठेवा, चॅनल ठरवा, आणि एक सेट गच्चीवर असलेल्या माणसाकडं द्या. खालच्या माणसाचं वरचा ऐकतो आणि पुढं सांगतो. आमच्या गल्लीत २०२१ ला हे काम एका अकरावीतल्या मुलीनं केलं, दोन दिवस, आणि कुणाचाही निरोप तिनं चुकवला नाही. आम्ही मोठी माणसं मात्र 'ओव्हर' म्हणायला विसरत होतो.

हॅम रेडिओ म्हणजे हाच का?

नाही. हॅमसाठी परीक्षा असते, दूरसंचार खातं परवाना आणि 'व्हीयू'नं सुरू होणारं स्वतःचं संकेतनाम देतं. वयाची अट बारा वर्षं पूर्ण. मग १४४ ते १४६ मेगाहर्ट्झसारख्या पट्ट्यांत जास्त ताकदीनं बोलता येतं, पण छंद आणि आपत्तीतली मदत ह्यांसाठी. धंद्याचं बोलणं त्यावर चालत नाही. मांडवासाठी हॅम काढतो म्हणाल तर नका काढू. शिकायची आवड असेल तर जरूर काढा.

सिमकार्डवाले वॉकी मिळतात, ते घ्यावेत का?

ते दिसायला वॉकी, आतून मोबाइल. सांगलीतून मुंबईशी बोलता येतं, पण टॉवर गेला की गेले. ऊस वाहतुकीच्या गाड्या रस्त्यावर असतात त्यांना बरे. डोंगरात आणि पुरात नको.

पावसात चालतो का? बॅटरी किती टिकते?

आयपी ६७ लिहिलेला सेट एक मीटर पाण्यात अर्धा तास राहू शकतो, नवीन असताना. आयपी ५४ म्हणजे नुसते शिंतोडे. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तिथं ५४ वर विसंबू नका. दुधाची रिकामी पिशवी धुऊन वर बांधा. प्लास्टिकनं रेंज कमी होत नाही. जाळीत पाणी शिरलं तर आवाज बुडल्यासारखा येतो, सेट उलटा करून तळहातावर आपटा. चार्जिंगचे पितळी टोक पुसल्याशिवाय चार्जरवर ठेवू नका, हिरवं चढतं.

बॅटरी ऐकताना थोडी जाते, बोलताना भराभर. कमी बोलणाऱ्याचा सेट दिवसभर चालतो, जास्त बोलणाऱ्याचा जेवणाआधी मरतो. आमच्याकडं कुणाची बॅटरी कधी संपते ह्यावरून कोण कामाचं बोलतो ते कळतं. चार महिने वापरायचा नसेल तर बॅटरी निम्मी भरून, सेटमधून काढून ठेवा.

'रॉजर', 'ओव्हर' म्हणायलाच पाहिजे का?

'ओव्हर' म्हणा. माझं झालं, आता तू बोल, हे समोरच्याला कळतं, आणि अंगठा लवकर उठला तरी वाहून जातं ते 'ओव्हर', तुमचा कामाचा शब्द नव्हे. 'रॉजर' म्हणजे ऐकलं, त्याची सक्ती नाही. आमच्याकडं "व्हय" चालतं. मात्र दोनदा: "व्हय, व्हय." पहिलं सेट खातो.